लाल गुलाब नावाचं झाड नसतं

आमच्या म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास रोपांची हातगाडी येते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत वीतभर काडी, काडीच्या टोकाला एकच फूल. गाडीवाला विचारतो, "केंपु बेका?" लाल हवा का? मग दहा मिनिटं रंगांवरून घासाघीस चालते. लाल, पिवळा, "तो दोन रंगांचा आहे का हो?" मागच्या महिन्यात मी विचारलं, हा कुठल्या जातीचा? झुडूप होणार की वेल? त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "एल्ला ओंदे, अम्मा." सगळे एकच. शेजारच्या वहिनींनी लगेच मान डोलावली. "अहो, गुलाब तो गुलाब. एवढं काय त्यात?"

गाडीवाल्यावर माझा राग नाही. त्याला दुपारपर्यंत गाडी रिकामी करायची असते. राग आहे तो त्या मान डोलावण्याचा, कारण ती मान एकट्या वहिनींची नाही. म्हैसुरात, पुण्यात, जिथे जिथे गच्चीवर कुंड्या आहेत तिथे तिथे हेच ऐकू येतं. गुलाब हे एक झाड आहे, त्याला निरनिराळ्या रंगांची फुलं येतात. वर्ग, जाती, घराणी ही प्रदर्शनवाल्यांची आणि निवृत्त लोकांची चैन. साध्या माणसानं रंग बघावा, कुंडीत लावावा, चहाचा चोथा घालावा. जगला तर आपल्या हाताला गुण. मेला तर म्हैसूरची हवा वाईट.

वाहवा! आणि याच वहिनी आंबे घ्यायला गेल्या की? बदामी की रसपुरी, रसाला की फोडींना, हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. केळं रसबाळेच हवं, तेही नंजनगूडचं असेल तर. देवराज मार्केटात वेणीसाठी मोळभर, म्हणजे हातभर, फुलं घेताना मल्लिगे वेगळी, जाजी वेगळी, काकडा वेगळा. एकाच्या जागी दुसरं दिलं तर तिथेच भांडण. तांदळाची जात कळते, साडीचा पोत बोटांना कळतो, आणि गुलाबापाशी आल्यावर अचानक सगळं एकच? तांबडा तांदूळ द्या, एवढंच सांगून कुणी वाण्याकडून घरी येतं का?

आता गाडीवरचं ते फूल नीट बघा. लांब दांडा, दांड्यावर एकच फूल, मध्ये उंच टोकदार गाभा, पाकळ्या कडेला मागे वळलेल्या. हा हायब्रिड टी. शुभेच्छापत्रावर हाच, अगरबत्तीच्या पुड्यावर हाच. डोळे मिटून 'गुलाब' म्हटलं की आपल्याला हाच दिसतो. 1867 साली फ्रान्समधल्या ल्योंच्या गियो यांनी 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब बाजारात आणला, तिथून या घराण्याची सुरुवात धरतात. त्या सालाआधी जे वर्ग होते ते जुने गुलाब, नंतरचे ते नवे, अशी रेघच गुलाबवाल्यांनी ओढली आहे. म्हणजे ज्याला आपण अनादि काळापासूनचा खरा गुलाब समजतो, ते घराणं दीडशे वर्षांच्या आसपासचं आहे. त्याआधी हजारो वर्षं लोक काय हुंगत होते?

हायब्रिड टी देखणा आहे, हे मी कशाला नाकारू? पण तो घरात राहायला आलेला पाहुणा आहे, घरचा माणूस नव्हे. त्याला दिवसाचे सहा तास ऊन हवं, चौदा इंची कुंडी हवी, आणि एक बहर झाला की पुढच्या बहरापर्यंत तो महिना-दीड महिना गप्प बसतो. काळे ठिपके, भुरी, मावा यांचं त्याच्याशी जुनं सख्य. आमच्या मोहल्ल्यातली घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. माझ्या गच्चीतून सेंट फिलोमिना चर्चचे मनोरे छान दिसतात, पण खालच्या अंगणात जानेवारीत तीन तास ऊन आलं तर नशीब. तिथे मी चार वर्षं ओळीनं हायब्रिड टी लावले आणि चार वर्षं ओळीनं मारले. प्रत्येक वेळी मला सांगण्यात आलं की तुमच्या हाताला गुण नाही. हाताचा काय संबंध? सावलीत उसाचं बेणं लावून कुणी हाताला दोष देतं का?

मग हा एकच गुलाब आपल्या डोक्यात बसवला कुणी? प्रदर्शनांनी. दसऱ्यात आमच्याकडे कुप्पण्णा पार्कात पुष्पप्रदर्शन भरतं, पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये. रांगेत उभं राहून लोक ती फुलं बघतात आणि घरी येऊन आपल्या अंगणातल्या झुबकेदार गुलाबाकडे पाहून नाक मुरडतात. प्रदर्शनाचा गुलाब कशावर जोखतात ते एकदा ऐका. अमेरिकन रोझ सोसायटीचा गुणतक्ता प्रसिद्ध आहे: फुलाची घडण 25, रंग 20, दांडा आणि पानं 20, पाकळ्यांचा भरीवपणा 15, तोल 10, आकारमान 10. बेरीज करा. शंभर झाले. वास कुठे आहे? नाही. गुलाबाच्या परीक्षेत वासाला शून्य गुण. झाड वर्षभरात किती फुललं, याची तर चौकशीही नाही, कारण टेबलावर येतं ते एक फूल. गाण्याच्या स्पर्धेत गवयाच्या अंगरख्याला गुण द्यावेत आणि गळा सोडून द्यावा, तसला हा न्याय. तो तिथे खुशाल चालू दे. आपण घरात त्याच्या फूटपट्टीनं का मोजायचं?

घरात मोजायची फूटपट्टी वेगळी. दार उघडल्यावर फूल दिसलं पाहिजे, देवाला चार मिळाली पाहिजेत, पाऊस आठ दिवस लागला तरी झाड नागवं होता कामा नये. ही मागणी पुरवणारा वर्ग ठरवून तयार केलेला आहे. डेन्मार्कच्या पौल्सन घराण्यानं 1920 च्या दशकात झुबक्यांनी फुलणारे बुटके पॉलिअँथा आणि हायब्रिड टी यांचा संकर केला. थंड हवेत टिकावं आणि भरभरून फुलावं, एवढाच साधा हेतू. त्यातून फ्लोरिबंडा आला. एका फांदीवर पाच-दहा फुलं. त्यातलं एखादं पावसानं कुजलं तरी बाकीची हजर. जर्मनीच्या कॉर्डेस यांचा 1958 चा पांढरा 'आइसबर्ग' आज जगभर कुंपणांना आणि दारांना लागलेला आहे. काटे कमी, कुरकुर कमी. आमच्या ओळीतल्या एका घरी तो गेली सात वर्षं फुलतो आहे. त्या बाईंना नाव माहीत नाही, त्या त्याला 'पांढरा' म्हणतात. म्हणूनच तर दुसऱ्यांदा गाडीवरून 'पांढरा' आणला तो दोन महिन्यांत वाळला, आणि त्या अजून विचारतात, असं कसं झालं? असं झालं, कारण पांढरा ही जात नव्हे.

'क्वीन एलिझाबेथ'चंही तेच. 1954 साली अमेरिकेत लॅमर्ट्स यांनी काढलेला हा गुलाबी गुलाब इतका उंच आणि इतका दांडगा निघाला की त्याच्यासाठी ग्रँडिफ्लोरा हा नवा वर्गच काढावा लागला. आपल्याकडे रोपवाटिकांतून तो वर्षानुवर्षं मिळतो. माणसाच्या डोक्यावर जाणारं हे झाड कुणी खिडकीच्या कट्ट्यावर आठ इंची कुंडीत लावतं आणि मग म्हणतं, याची नुसती उंचीच वाढते हो. वाढणारच! कट्ट्यावर बसणारा गुलाब वेगळा आहे, त्याला आपल्याकडे बटण गुलाब म्हणतात. त्या चिमुकल्या वर्गाचा आधुनिक इतिहासच खिडकीत सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या एका स्विस लष्करी अधिकाऱ्याला डोंगरातल्या गावात खिडक्यांवरच्या कुंड्यांत बोटभर फुलांचे गुलाब दिसले, आणि त्याच्याच नावानं ते 'रूलेती' म्हणून जगात पसरले. (लष्कराचा आणि मोहल्ल्यातल्या खिडक्यांचा एवढा जुना संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं.)

आता येते ती सगळ्यात आवडती तक्रार: "आजकालच्या गुलाबांना वास कुठे राहिलाय?" हे म्हणणारा माणूस हमखास फुलवाल्याकडचा डच गुलाब हातात धरून उभा असतो. मावळात तळेगावला आणि इकडे होसूरला पॉलिहाउसमध्ये पिकणारा हा गुलाब फेब्रुवारीत विमानात बसतो. त्याची निवड झाली ती दांड्याची लांबी, खोक्यातला प्रवास आणि फुलदाणीतले दिवस यांवर. त्याला वास विचारणं म्हणजे मालगाडीला बसायला जागा आहे का विचारणं. वास गेला तो त्या घराण्यातून, सगळ्या गुलाबांतून नव्हे. फ्रेंच संशोधकांनी 2015 साली दाखवून दिलं की गुलाबाचा खास वास घडवण्यात पाकळ्यांतल्या एनयूडीएक्स1 नावाच्या विकराचा मोठा वाटा आहे. त्यांनी 'पापा मियां' हा घमघमणारा गुलाब आणि 'रूज मियां' हा जवळजवळ बिनवासाचा, असे दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले. दोन्ही लाल! रंगावरून वासाचा पत्ता लागत नाही, याला आणखी पुरावा काय हवा? चंदनाच्या तेलाचं, अगरबत्तीचं आणि मल्लिगेचं हे गाव. इथल्या लोकांनी तरी फूल आधी नाकाला लावावं आणि मग डोळ्याला.

वासाचं निघालंच आहे तर 'गावठी'बद्दल बोलते. मार्केटात जो पन्नीर गुलाब किलोवर मिळतो, फिका गुलाबी, विस्कटल्यासारखा, दुपारपर्यंत मान टाकणारा, त्याला आपण गावठी म्हणून मोकळे होतो. तो दमास्क वंशाचा. गुलकंद, गुलाबपाणी, अत्तर हे सगळं याच वंशाच्या जिवावर चालतं. गाडीवरच्या टोकदार गुलाबाचा गुलकंद करून बघा एकदा. साखरेत लाल कागद घातल्यासारखा लागतो. आणि गावठी म्हणायचं तर त्याचं गाव तरी कोणतं? याच्या नात्यातला एडवर्ड गुलाब हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा. 1817 च्या सुमारास तिथल्या शेतांच्या कुंपणात दमास्क आणि चिनी गुलाब यांचा आपोआप संकर झालेला सापडला. आपल्या देशात त्याची शेतंही आहेत, आणि कलमांसाठी तो खुंट म्हणूनही वापरतात. म्हणजे ज्याला हिणवायचं त्याच्याच मुळांवर दिमाखदार कलमाचा डोळा भरायचा. माझ्या अंगणात तीन तासांच्या उन्हात आज जो उभा आहे तो हाच. फवारणी नाही, कौतुक नाही.

यावर शिकलेल्या माणसांचा एक ठेवणीतला आक्षेप असतो: ही सगळी परदेशी नावं, साहेबाच्या बागेची भानगड, आपल्याला काय करायचंय? मोठं राष्ट्राभिमानी वाटतं ऐकायला. पण युरोपातल्या गुलाबांच्या बहुतेक जाती वर्षातून एकदाच फुलत. त्यांना बारमाही केलं ते चिनी गुलाबांच्या रक्तानं, आणि ते गुलाब तिकडे पोचले त्यातला एक रस्ता कलकत्त्यावरून जात होता. म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगाली गुलाब म्हणत. गव्हावर काम करणारे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी फावल्या वेळात गुलाबांच्या नव्या जाती काढल्या, 'बंजारन', 'दिल्ली प्रिन्सेस'; 1966 साली भारतातल्या गुलाबांवर ग्रंथ लिहिला. ते काय साहेबाची हौस पुरवत होते? बडोद्यात सयाजीरावांच्या बागा सांभाळून पुढे म्हैसूर संस्थानच्या नोकरीत आलेला क्रुंबिगेल हा जर्मन माणूस घ्या. बंगळूरच्या रस्त्यांवर त्यानं झाडं अशी निवडली की एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू व्हावा. त्या रस्त्यांचं आपण अजून कौतुक करतो. ते जातींच्या माहितीवर उभं राहिलं. एल्ला ओंदे म्हणून नव्हे.

हवेला शिव्या देणाऱ्यांची तर मला गंमतच वाटते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटरवर. हिम पडत नाही, लू वाहत नाही, माती तांबडी आणि निचऱ्याची. गुलाबाला याहून काय हवं? फक्त ही हवा कुणाला मानवते ते बघायला हवं. इथे झाडाला थंडीची झोप मिळत नाही. ज्या जुन्या युरोपी जातींना फुलण्याआधी ती झोप लागते, त्या इथे नुसती पानं काढत बसतात. आणि हल्ली 'इंग्लिश रोझ'च्या नावाखाली घरपोच पिशव्या येतात. डेव्हिड ऑस्टिन यांचे पुढचे बरेच गुलाब पुन्हा पुन्हा फुलतात हे खरं, पण 1961 चा त्यांचा पहिला 'कॉन्स्टन्स स्प्राय' वर्षातून एकदाच फुलणारा. एकाच नावाच्या छत्रीखाली एवढा फरक, आणि घेणारा विचारतो काय? "फिका गुलाबी आहे ना?"

माझा पुण्याचा भाचा दर ऑक्टोबरात फोन करतो. "मावशी, गुलाब छाटलेस का?" पुण्यात पाऊस सरलेला असतो, त्याचं बरोबर आहे. आमच्याकडे पावसाचे दोन भर, एक मे महिन्यात आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऐन पावसात फांद्यांची ओली तोंडं उघडी टाकली की टोकाकडून काळं पडत पडत झाड खाली मरत येतं. त्याचं ऐकून मी एका वर्षी दोन झाडं घालवली. आता नोव्हेंबर उजाडल्याशिवाय कात्रीला हात लावत नाही. वेली गुलाबाला तर तेव्हाही जपून. त्याला झुडपासारखं गुडघ्याएवढं कापलं की त्या वर्षीची फुलं गेलीच. त्याच्या लांब फांद्या आडव्या वाकवून बांधायच्या असतात, मग फांदीभर डोळे फुटतात आणि डोळ्याडोळ्याला फूल येतं. पण हा वेली आहे हे कळणार कसं? घेताना तर आपण रंग विचारला होता!

आणि ज्ञान म्हणून जे आपल्याकडे फिरतं त्याबद्दल काय बोलावं? "पाच पानांची फूट कलमी, सात पानांची जंगली, ती छाटून टाका." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की ते कुठल्या तरी पोथीत असावं. कितीतरी चांगल्या गुलाबांना, विशेषतः वेलींना आणि जुन्या जातींना, सात पानं असतात. फूट कलमाच्या गाठीच्या खालून आली की वरून, एवढंच वाकून बघायचं. पण वाकण्यापेक्षा मोजणं सोपं. आमच्या मागच्या गल्लीत एका गृहस्थांनी सात-सात पानं मोजून अख्खा वेली गुलाब संपवला, आणि पुन्हा म्हणाले, हवा मानवली नाही. पुष्पगुच्छातली काडी बटाट्यात खोचून लावणाऱ्यांचंही तेच, बटाटा कुजतो. कलमी गुलाबाच्या बियांतून तोच गुलाब कधी उगवत नाही, तरी निळ्या गुलाबाचं बी मागवणारे आहेत. जपानच्या सनटोरी कंपनीनं वर्षानुवर्षं जनुकांवर खटपट करून 2009 साली 'अप्लॉज' विकायला आणला, तो जांभळटच निघाला. आणि पन्नास रुपयांच्या पाकिटात मोरपंखी निळा? ज्याला गुलाबाचा वर्ग विचारायची लाज वाटते तो असल्या पाकिटावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, आणि त्यात मी तसूभर मागे यायची नाही. रंगावरून गुलाब घेणं म्हणजे गुलाब न घेणं. गाडीपाशी उभं राहिलात की आधी आपल्या जागेचं ऊन आठवा. मग विचारा: झुडूप, झुबकेवाला, बटण की वेल? सारखा फुलतो की एकदाच? गाठ कुठे आहे, दाखव. फूल नाकाला लावा. गाडीवाला एल्ला ओंदे म्हणाला तर पिशवी खाली ठेवा आणि पुढच्या रविवारी पुन्हा हेच विचारा. मोहल्ल्यातल्या आम्ही पाच जणींनी चार रविवार हेच विचारलं तर पाचव्या रविवारी तो नावं शिकून येईल. ज्यानं आम्हाला सांगण्यासाठी आंब्याची नावं शिकून घेतली तोही असाच कुणी गाडीवाला होता. आणि हे सगळं झाल्यावर, पैसे काढता काढता, वाटलंच तर विचारा लाल आहे का.

उद्या रविवार. वहिनींना मी सव्वाआठलाच हाक मारणार आहे.